निर्जीवातून सजीव कसा झाला, हे रसायनशास्त्र सांगू शकतं का?

विदुला_सांगली

नमस्कार मंडळी. सांगलीत अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. कार्बनी रसायनाला सुरुवात केली की जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्होलर येतोच. १८२८ साली त्यानं अमोनियम सायनेटपासून युरिया बनवला. तोवर युरिया म्हणजे मूत्रात सापडणारी, जिवंत शरीरानंच बनवायची वस्तू. आज तो कृषी सेवा केंद्रात पोत्यांनी मिळतो, त्यामुळं मुलांना त्यात नवल वाटत नाही. यंदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, युरिया झाला, मग जिवाणू का होत नाही?" वर्गात हशा पिकला. पण मला तो या विषयातला सगळ्यात खरा प्रश्न वाटतो, म्हणून हा धागा.

पुस्तकी उत्तर मिलरपाशी थांबतं. १९५२ मध्ये शिकागो विद्यापीठात स्टॅनले मिलर या विद्यार्थ्यानं आपले मार्गदर्शक हॅरोल्ड यूरी यांना गळ घालून प्रयोग केला. काचेच्या बंद उपकरणात मिथेन, अमोनिया, हायड्रोजन. एकीकडं पाणी उकळतंय, दुसरीकडं विजेच्या ठिणग्या पडतायत. एका दिवसात पाणी गुलाबी झालं, आठवडा संपेपर्यंत गडद लाल आणि गढूळ. त्यात ग्लायसीन, ॲलनीन ही अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, सापडली. मिलर २००७ मध्ये वारले. त्यांच्या जपून ठेवलेल्या जुन्या कुप्या नव्या उपकरणांवर तपासल्या, तेव्हा २००८ मध्ये कळलं की ज्वालामुखीच्या वाफेची नक्कल केलेल्या एका प्रयोगात वीसहून जास्त अमिनो आम्लं तयार झाली होती.

पुढं समजलं की आदिम वातावरणात मिथेन-अमोनिया इतका मुबलक नसावा, कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन जास्त असावा. त्यात मिलरचा प्रयोग फार कमी माल देतो. पण कच्चा माल वरूनही पडतो. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेल्या मर्चिसन उल्केत सत्तरहून जास्त अमिनो आम्लं सापडली. बेनू या लघुग्रहाची माती नासाच्या यानानं २०२३ मध्ये पृथ्वीवर आणली. त्यात सजीव वापरतात त्या २० पैकी १४ अमिनो आम्लं आणि डीएनए-आरएनएचे पाचही बेस (त्यांच्या साखळीतली 'अक्षरं') सापडल्याचं २०२५ मध्ये जाहीर झालं.

म्हणजे माल कुठून आला, ही आता मोठी अडचण राहिलेली नाही. अडचण पुढं आहे. त्या मालातून स्वतःची नक्कल करणारं, चुकत-माकत बदलणारं काहीतरी कसं उभं राहिलं? माझं मत आधीच सांगते: हा प्रश्न रसायनशास्त्राचाच आहे आणि सुटण्याजोगा आहे, पण तो आज सुटलेला नाही. मुलांना हे दोन्ही सांगितलं पाहिजे. तुमचं काय म्हणणं?

वाईकर

ताई, धागा चांगला आहे, पण मी दुसऱ्या बाजूचा.

साधा हिशेब करा. शंभर अमिनो आम्लांचं एक लहानसं प्रथिन घ्या. प्रत्येक जागी २० पर्याय. एकूण शक्यता किती? १ वर १३० शून्यं. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातले अणू मोजले तरी अंदाज १ वर ८० शून्यांच्या आसपास जातो. मग नेमकं कामाचं प्रथिन आपोआप जुळून आलं, हे कसं मानायचं? दुसरं, पाश्चरनं १८६० च्या सुमारास बाकदार मानेच्या चंबूत रस्सा उकळून दाखवून दिलं होतं की निर्जीवातून जीव येत नाही. ते आपणच शिकवतो आणि पुढच्याच धड्यात उलटं सांगतो. मी देवाधर्माचा मुद्दा आणत नाहीये. मला ही उडी पटत नाही, एवढंच.

मळी_ते_स्पिरिट

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट आहे, वाळवा तालुका. पाश्चरचं नाव निघालं म्हणून लिहितो, कारण आमचं सगळं काम त्याच्याच विषयाचं.

पाश्चरच्या प्रयोगाची व्याप्ती बघा. आजच्या हवेत, उकळलेल्या रश्श्यात, बाहेरून जंतू जाऊ दिले नाहीत तर जंतू होत नाहीत. एवढंच त्यातून सिद्ध होतं आणि ते पक्कं आहे. चार अब्ज वर्षांपूर्वी प्राणवायू नसलेल्या पृथ्वीवर कोट्यवधी वर्षांत काय झालं, याबद्दल तो चंबू काही बोलत नाही. डार्विननं १८७१ मध्ये आपला वनस्पतिशास्त्रज्ञ मित्र हूकर याला लिहिलेल्या पत्रात हे नेमकं पकडलंय. एखाद्या उबदार डबक्यात प्रथिनासारखं काही तयार झालंच, तर आज ते लगेच कुणीतरी खाऊन टाकेल; सजीव नव्हते तेव्हा तसं होत नव्हतं.

याच पाश्चरचं दुसरं एक ठाम मत होतं: यीस्ट जिवंत असल्याशिवाय किण्वन नाही. १८९७ मध्ये एडुआर्ड बुखनरनं यीस्ट वाळूबरोबर घोटलं, पेशी फोडल्या, दाबून रस काढला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नाही, तरी फेस आला आणि अल्कोहोल झालं. १९०७ चं नोबेल त्याला यासाठीच मिळालं. आमच्या टाक्यांत मळीचं अल्कोहोल होताना बघतो तेव्हा मला हाच प्रयोग आठवतो. 'इथं जीव लागतोच' म्हणून आखलेली रेघ याआधीही पुसली गेलीय, आणि ती रसायनशास्त्रानंच पुसलीय. पुढची रेघही पुसेल, अशी हमी त्यातून मिळत नाही हे मान्य. पण वाईकरसाहेब, पाश्चरचा आधार घेऊन दार बंद करता येणार नाही.

विदुला_सांगली

@मळी_ते_स्पिरिट, बुखनर उद्याच वर्गात सांगणार.

@वाईकर, शून्यांचा हिशेब बरोबर आहे, पण तो ज्या घटनेचा आहे ती घडली असं कुणीच म्हणत नाही. शंभर अमिनो आम्लं एका झटक्यात ठराविक क्रमानं लागली, असा दावाच नाही. शिवाय रेणू वाटेल तसे जुळत नाहीत, त्यांना आवडीनिवडी असतात. १९६० च्या सुमारास हुआन ओरो यांनी हायड्रोजन सायनाइड आणि अमोनियाचं द्रावण तापवलं आणि त्यात ॲडेनीन मिळालं. ॲडेनीन हा आरएनएतला एक बेस. त्याचं सूत्र बघा: पाच कार्बन, पाच हायड्रोजन, पाच नायट्रोजन. म्हणजे सायनाइडचे पाच रेणू. इतका गुंतागुंतीचा दिसणारा बेस असा सरळ जुळतो, कारण रसायनाची वाटच तशी उताराची आहे.

आणि पहिली पायरी प्रथिनाची नसावी, हेही आता बऱ्याच जणांना पटलंय. थॉमस चेक आणि सिडनी ऑल्टमन यांनी दाखवलं की आरएनए, म्हणजे डीएनएचा जवळचा नातलग, निरोप जपतो आणि उत्प्रेरकाचं कामही करतो. त्याबद्दल १९८९ चं नोबेल. त्याहून मला जास्त भारी वाटतो तो रायबोसोम. आपल्या जवळपास प्रत्येक पेशीत प्रथिनं विणणारं हे यंत्र. वेंकी रामकृष्णन, स्टाइट्झ आणि योनाथ यांना २००९ मध्ये त्याच्या रचनेसाठी नोबेल मिळालं. त्या रचनेत दिसतं की अमिनो आम्लं एकमेकांना जोडली जातात त्या नेमक्या जागी प्रथिन नाहीच, तिथं आरएनए आहे. प्रथिनांच्या कारखान्याच्या गाभ्यात प्रथिनांच्या आधीचा कारागीर आजही बसलाय. याला मी पुरावा म्हणते, तुम्ही निदान खूण म्हणा.

पण आरएनएसाठी रायबोज ही साखर लागते, आणि तिथं घोडं अडतं. बुटलेरोव यांनी १८६१ मध्ये दाखवलं की फॉर्मल्डिहाइड चुन्यासारख्या अल्कलीत तापवलं की साखरा तयार होतात. होतात, पण डझनावारी प्रकारच्या. रायबोज त्यात किंचित. आणि तसंच चालू ठेवलं तर सगळ्याचा तपकिरी डांबरासारखा लगदा होतो.

गुळव्या_शिराळा

ताई, ही शेवटची ओळ वाचली आणि गप बसवंना. आमचं घरचं गुऱ्हाळ आहे, त्यामुळं साखरेचा लगदा होतो म्हणजे काय होतं ते रोज डोळ्यांनी बघतो.

काहिलीत रस चढवला की आधी भेंडीचं पाणी घालून मळी काढायची. मग रस आटत जातो, फेस पिवळा होतो, बुडबुडे बारीक-मोठे होत जातात. ११५-१२० अंशांच्या आसपास सगळा खेळ असतो. पाक थेंबभर गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी होते का बघायची. गोळी झाली की त्याच घडीला काहील उतरवून वाफ्यात ओतायची. जरा आधी उतरवली तर काकवी राहते, ढेप धरत नाही. जरा उशीर झाला तर पाक करपतो, काळा पडतो, कडू लागतो. मग त्यातनं गूळ परत निघत नाही, काही केलं तरी. चुलवाण पेटवणारा कुणीबी मिळतो. पैसे मोजायचे ते कुठं थांबायचं हे कळणाऱ्या गुळव्याला.

आता मला सांगा, त्या आदिम डबक्यात गुळव्या कोण होता? ऊन हाय, वीज हाय, ज्वालामुखी हाय, म्हणजे जाळ भरपूर. पण रायबोज झाल्या झाल्या काहील उतरवली कुणी?

वाईकर

हाच माझा प्रश्न होता, मला तो असा मांडता आला नसता.

विदुला_सांगली

अण्णा, या क्षेत्रातले मोठमोठे लोक ज्या प्रश्नावर आयुष्य घालवतायत तो तुम्ही काहिलीपाशी उभं राहून विचारलात. जरा सविस्तर लिहिते.

एक उत्तर खनिजांचं आहे. स्टीव्हन बेनर यांच्या गटानं २००४ मध्ये दाखवलं की मिश्रणात बोरेट खनिज असेल तर रायबोज तयार होताच बोरेट त्याला धरून ठेवतं आणि पुढं करपू देत नाही. टाकणखारात असतं तेच बोरेट.

दुसरं उत्तर जॉन सदरलँड यांचं. त्यांनी रायबोज वेगळी बनवायचा नादच सोडला. २००९ मध्ये त्यांच्या गटानं सायनामाइड, सायनोॲसिटिलीन, ग्लायकोलाल्डिहाइड, ग्लिसराल्डिहाइड आणि फॉस्फेट घेऊन साखर आणि बेस एकाच रेणूत, हळूहळू एकत्र घडवले. आरएनएच्या चारांपैकी दोन अक्षरं अशी मिळाली. यातला एक मधला पदार्थ द्रावणातून आपोआप स्फटिक होऊन खाली बसतो. बाकीचा लगदा वाहून जाऊ शकतो, स्फटिक तिथंच राहतात. म्हणजे थांबवणारा कुणी माणूस लागत नाही, पदार्थाचा स्वभावच त्याला बाहेर काढतो. मला ही कल्पना अतिशय सुंदर वाटते.

पण तुमचा प्रश्न यानं पूर्ण मिटत नाही. प्रयोगशाळेत या पायऱ्या करताना शुद्ध रसायनं बाटलीतून घेतली जातात, ठरलेल्या क्रमानं घातली जातात. मध्येच तापमान बदललं जातं, मध्येच अतिनील दिवा लावला जातो. म्हणजे पांढऱ्या कोटातला गुळव्या तिथं आहेच. त्याला हळूहळू बाजूला सारत, त्याचं एकेक काम ओढा, ऊन, खडक यांच्याकडं सोपवत न्यायचं, असं सध्या चाललंय. काही कामं सोपवून झाली, काही नाहीत.

कोयनाकाठ

कराडचा आहे, भूविज्ञान शिकलोय. खडकाचं नाव निघालं तर आपल्या पायाखालचं सांगतो.

११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या जमिनीचा अभ्यास थांबलेला नाही. कराडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे आणि कोयना भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. वरचा काळा पत्थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या खाली ग्रॅनाइट, अडीचशे कोटी वर्षांच्या घरातला. आयआयटी खरगपूरच्या गटानं त्या खोल खडकाचे नमुने तपासले आणि त्यातही सूक्ष्मजीव असल्याचं दाखवलं. ऊन नाही, प्राणवायू नाही, अन्न म्हणावं असं जवळपास काही नाही. तरी तिथं जीव आहे.

यावरून जीव तिथं जन्मला असं म्हणता येत नाही. तो वरून झिरपत गेलेला असेल. पण खडक आणि पाणी यांच्या रसायनावर जगता येतं, एवढं त्यातून दिसतं. म्हणूनच काही शास्त्रज्ञ डबकं सोडून समुद्रतळाकडं बघतात. २००० साली अटलांटिकच्या तळाशी 'लॉस्ट सिटी' नावाची अल्कधर्मी उष्णोदकाची जागा सापडली. तिथं पाणी आणि खडक यांच्या क्रियेतून हायड्रोजन सतत निघतो, आणि तिथल्या धुराड्यासारख्या खनिज-सुळक्यांच्या सच्छिद्र भिंतींच्या आत-बाहेर सामूत (pH मध्ये) फरक असतो. आपल्या पेशी ऊर्जा मिळवतात त्या पडद्याच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनच्या फरकावरच. हे साम्य मला दुर्लक्ष करण्यासारखं वाटत नाही.

विदुला_सांगली

@कोयनाकाठ, मुद्दा जोरकस आहे, पण पाण्याची अडचण कशी सोडवायची? अमिनो आम्लं जोडताना किंवा आरएनएची साखळी लावताना दर सांध्याला पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. चहूबाजूंनी पाणीच पाणी असेल तर क्रिया उलटी जाते, साखळी तुटते. समुद्रात हे कसं जमेल?

म्हणून मी डबक्याच्या बाजूची. कास पठारावर पावसाळ्यात जांभ्या खडकाच्या खळग्यांत पाणी साचतं, ऊन पडलं की आटतं, पुन्हा सर आली की भरतं. असं ओलं-सुकं चक्र फिरत राहिलं की सुकताना सांधे जुळतात आणि ओलं होताना रेणू फिरून नवे जोडीदार शोधतात. पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत सुधा राजमणी यांचा गट अशाच चक्रांवर, मेदरेणूंच्या सोबतीनं, काम करतो. इतक्या जवळ हे चाललंय आणि आपल्या भागातल्या मुलांना ते माहीत नाही, याचं वाईट वाटतं.

कोयनाकाठ

चक्राचं मान्य. कासचा जांभा मात्र प्राणवायूच्या हवेत पत्थर कुजून झालेला आहे, त्या काळी तसा नसणार. तुमच्या बाजूनं याहून चांगली गोष्ट देतो: कृष्णाकाठचं काळं रान. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात पाय जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती तशी वागते ती मॉन्टमोरिलोनाइट गटातल्या चिकणमातीमुळं. जेम्स फेरिस यांनी १९९० च्या दशकात याच खनिजावर आरएनएची सक्रिय केलेली अक्षरं पुन्हापुन्हा घातली, तर पन्नासच्या आसपास लांबीच्या साखळ्या तयार झाल्या. पुढं २००३ मध्ये जॅक शोस्टाक यांच्या गटाला दिसलं की हीच माती मेदाम्लांच्या पोकळ पिशव्या तयार व्हायचा वेगही वाढवते. पिशवीत मातीचा कण, कणावर चिकटलेला आरएनए. पेशीच्या इतकं जवळ जाणारं दृश्य मी दुसरं पाहिलेलं नाही.

मिरज_ओपीडी

डॉक्टर आहे, थोडक्यात लिहिते. डाव्या-उजव्याचा प्रश्न कुणी काढला नाही. अमिनो आम्लं दोन रूपांत असतात, आरशातल्या प्रतिमेसारखी. आपल्या प्रथिनांत जवळपास फक्त डावी. मिलरच्या चंबूत दोन्ही निम्मी-निम्मी. आम्हाला हा फरक रोज भेटतो: ॲलर्जीवरच्या सेटिरिझिनमध्ये दोन्ही रूपं असतात, लेव्होसेटिरिझिनमध्ये कामाचं एकच. निसर्गानं एकच बाजू कशी निवडली?

मर्चिसन उल्केत काही अमिनो आम्लं डावीकडं किंचित झुकलेली होती. बेनूच्या मातीत मात्र दोन्ही जवळजवळ सारखी निघाली. त्यामुळं हे उल्केवर ढकलून सुटका नाही. २०२३ मध्ये हार्वर्डच्या गटानं एक वेगळी दिशा दाखवली: विदुलाताईंनी सांगितलेला तो स्फटिक होणारा पदार्थ मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या चुंबकीय पृष्ठभागावर वाढवला, तर एकाच बाजूचे स्फटिक मिळू शकतात. आपल्या काळ्या पत्थरातही मॅग्नेटाइट असतं.

लोणंदकर

सगळं वाचतोय, निम्मं कळतंय, पण आवडतंय. आमच्या लोणंदला माउलींची पालखी येते, मी लहानपणापासून वारी करतो. कुणीतरी विचारेल म्हणून आधीच सांगतो: उद्या तुम्ही चंबूत जीव करून दाखवलात तरी माझी वारी चुकणार नाही. कसं झालं हे शोधायला माझ्या श्रद्धेची काही हरकत नाही. उलट, आज विज्ञानाला जे कळलेलं नाही तेवढ्याच फटीत देवाला बसवायचं, हे मला देवाला लहान करणं वाटतं. चालू द्या.

वाईकर

लोणंदकर, तुमच्याशी सहमत. माझा आक्षेप श्रद्धेतून नाहीच.

ताई, एवढं मान्य करतो की शून्यांचा हिशेब तुम्ही मांडता त्या वाटेला लागू होत नाही. पण आता तुम्ही सांगा: काय झालं म्हणजे 'सुटलं' म्हणायचं? नाहीतर 'अजून संशोधन चालू आहे' हे वाक्य शंभर वर्षंही पुरेल. २०१० मध्ये क्रेग व्हेंटर यांनी कृत्रिम जीव केला अशा बातम्या आल्या होत्या. त्यात आधीच जिवंत असलेल्या पेशीत बनवलेला डीएनए घातला होता. असल्या गोष्टीला मी मोजणार नाही.

विदुला_सांगली

व्हेंटरचं काम मोठं, पण या प्रश्नाचं उत्तर म्हणून मीही ते मोजत नाही.

माझी कसोटी अशी. आदिम पृथ्वीवर असू शकतील अशाच पदार्थांपासून सुरुवात, शुद्ध बाटल्या नाहीत. मध्ये माणसाचा हात नाही. फक्त ऊन, वाफ, खडक, ओलं-सुकं. आणि शेवटी अशी व्यवस्था की जी स्वतःची नक्कल करते, नक्कल करताना कधी चुकते, आणि त्या चुकांतली जी बरी ती टिकते. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची, कारण तिथून पुढं निवडीचं काम सुरू होतं. स्पीगलमन यांनी १९६० च्या दशकात एका विषाणूचा आरएनए परीक्षानळीत पिढ्यानपिढ्या वाढवला, तर हजारो अक्षरांचा तो रेणू आखूड होत होत मूळच्या लहानशा तुकड्याएवढा उरला. जो लवकर नक्कल होतो तो उरला. नळीत पेशी नव्हती, तरी उत्क्रांती होती. मात्र नक्कल करणारं एन्झाइम बाहेरून दिलेलं होतं. २००९ मध्ये लिंकन आणि जॉयस यांनी प्रथिनाशिवाय, एकमेकांना घडवणाऱ्या दोन आरएनएंची जोडी चालवून दाखवली. तिलाही तयार तुकडे पुरवावे लागतात. ते तुकडे पुरवणं बंद झालं आणि नक्कल चालू राहिली, की मी 'सुटलं' म्हणेन. आणि पृथ्वीवर नेमकं हेच, अस्संच झालं होतं का, हे तेव्हाही कळेलच असं नाही. एक चालणारी वाट सापडणं आणि तीच वाट घेतली गेली होती हे सिद्ध होणं, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

वाईकर

ही कसोटी मला मान्य. ती पार होईपर्यंत मी माझ्या जागी.

गुळव्या_शिराळा

ताई, पोरांना यातलं काही हातानं करून दाखवता येतं का? नुसतं फळ्यावर सांगून काय उपयोग.

विदुला_सांगली

मिलरचा प्रयोग कॉलेजच्या प्रयोगशाळेत कुणीही करू नये. हायड्रोजन, मिथेन आणि ठिणगी एकत्र; जरा हवा राहिली तर काचेचा स्फोट.

पिशव्या मात्र दाखवता येतील. ओलेइक आम्ल हे मेदाम्ल घ्यायचं, सौम्य अल्कलीत ढवळायचं आणि सामू साडेआठच्या आसपास आणायचा. त्याहून बराच वर गेला तर नुसता साबण, खाली आला तर तेलाचे थेंब. मधल्या पट्ट्यात गोल, पोकळ पिशव्या आपोआप होतात. थोडा रंग घातला तर काहींच्या आत अडकलेला दिसतो. @मिरज_ओपीडी, तुमच्याकडचा चांगला सूक्ष्मदर्शक एखाद्या रविवारी मिळेल का?

मिरज_ओपीडी

मिळेल. मुलांना घेऊन या. फक्त बोअरचं पाणी आणू नका, ऊर्ध्वपातित पाणीच वापरा. आपल्याकडच्या जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम मेदाम्लाला लागलं की साका होतो आणि पिशव्या फुटतात. मुलांना हेही मुद्दाम करून दाखवा, कारण आरएनएची नक्कल व्हायला मॅग्नेशियम लागतंच. पिशवीला जे मारतं तेच आतल्या रेणूला हवं. शोस्टाक यांच्या गटानं २०१३ मध्ये सायट्रेट घालून हे दोन्ही एकत्र जमवलं, पण आदिम पृथ्वीवर तेवढं सायट्रेट कुठून आणायचं, हे मागच्या बाकावरच्या त्या मुलाला विचारा.